रबराचं वळं

त्या वर्षी आमच्या घरात माझ्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती. पहिलीत काही खोट नाही, खोट माझ्यात आहे, हे ठाऊक असलेली माणसं दोनच होती. एक मी आणि दुसरी माझी बायको.

बाकी सगळं सोलापूर तिला वांझ म्हणायचं. सोलापूर म्हणजे किती, तर आमची गल्ली, तिच्या दोन्ही अंगांची मागवाली घरं, माझी आई, माझा मामा आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायका. कुणाकडं बारसं असलं की हिला बोलावणं नसायचं, आणि ओटी भरताना हिच्या हातातलं ताट दुसरी कोणीतरी हळूच काढून घ्यायची. हे सगळं मला दिसत होतं, ऐकू येत होतं. आणि मी काय करत होतो? मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणत होतो. खाली मान, तोंडाला कुलूप. आज आठवलं तरी स्वतःच्या कानफटात द्यावीशी वाटते.

आमचं लग्न झालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि मी सव्वीसचा. तिच्या वडिलांच्या आजारपणात तिचं लग्न लांबलं, म्हणून घोडनवरी आणली असं तेव्हाही लोक म्हणाले. लोकांना काय, जिभेला हाड नाही. पहिली दोन वर्षं आम्ही सुखात होतो. ती वडिलांची सेवा करायला मधूनमधून माहेरी जायची, महिना महिना राहायची, परत यायची. मग मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस मी अंथरुणात होतो. उठलो, भाकरी खायला लागलो, मागावर बसलो, पण पुरुष म्हणून उठलो नाही.

अगदीच काही होत नव्हतं असं नाही. होत होतं, टिकत नव्हतं. दूध उतू जाण्याइतकं वर यावं आणि कोणीतरी फुंकर मारून खाली बसवावं, तसं. पहिल्यांदा झालं तेव्हा थकवा म्हटला. दुसऱ्यांदा उन्हाळा म्हटला. मग काही म्हणायचं उरलं नाही आणि मी भिंतीकडं तोंड करून झोपायला लागलो. दिवसाही जिवाला चैन नसायची. मागावर बसलो की बाहेर जावंसं वाटायचं, बाहेर गेलो की घरी यावंसं वाटायचं. सूत सारखं तुटायचं. आई म्हणायची, तुझ्या बुडाखाली विंचू हाय का रं?

एकदा मी बायकोला म्हणालो, आईला खरं काय ते सांगून टाकतो. तिनं माझा हात धरला.

"नगा सांगू. एकुलतं एक ल्योक तुमी. आत्याबाईंना कळलं तर अन्न सोडतील त्या. मला म्हणंनात काय म्हणायचं ते. माझ्या अंगाला काय भोकं पडत्यात व्हय?"

मी तिच्याशी फार वाद घातला, असं होणार नाही, तसं होणार नाही. पण खरं सांगतो, आतून मला सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते.

आमचं घर म्हणजे एक लांबडी खोली. एका टोकाला माग, मध्ये चूल, दुसऱ्या टोकाला आम्ही. आई आमच्यापासून चार हातांवर झोपायची, मध्ये एक जुनं लुगडं बांधलेलं. घर रिकामं मिळायचं ते फक्त मंगळवारी दुपारी, आई शेजारणीबरोबर बाजाराला जायची तेव्हा. दोन तास धरा.

त्याच बाजारात एक वैदू बसायचा. पुढ्यात मुळ्या, काळ्या बाटल्या, वाळलेलं कसलंसं कातडं. मी दोन मंगळवार त्याच्या पलीकडच्या शेळ्यांचे दात बघत उभा होतो. शेळीवाला वैतागून म्हणाला, "घ्यायची हाय का नुसतं त्वांड बघायला आलायस?" तिसऱ्या मंगळवारी वैदूनंच मला बोटानं बोलावलं. या लोकांना चेहरा वाचता येतो. त्यानं तेलाची बाटली दिली आणि कानात सांगितलं, आलं की मुळाशी दोऱ्यानं बांध, मग जात नाही.

दोऱ्याला आमच्या घरात काय तोटा? काठाचं रेशीम उरलेलं होतं, मऊ म्हणून ते घेतलं. आई बाजारात होती, बायको मागच्या अंगणात कांड्या भरायला सूत सुकवत होती. आधी आपण एकट्यानं करून बघावं, जमलं तर तिला बोलवावं, असा माझा बेत. तेल लावलं, दोरा गुंडाळला, आणि गाठ मारली.

इथं माझं नशीब आडवं आलं. दुसऱ्या कुठल्याही माणसानं सुरगाठ मारली असती, ओढली की सुटली. पण मी विणकर. तुटलेलं सूत दिवसातून शंभर वेळा जोडणारा. आमची गाठ इवलीशी असते आणि सुटत नाही, सुटली तर विणकराचा धंदा बसला. ती सोडवायची नसते, लागलंच तर कापायची असते. माझ्या बोटांना दुसरी गाठ येतच नव्हती. डोकं काही सांगायच्या आत बोटांनी तीच मारली आणि वर सवयीनं ओढून घट्टही केली.

आधी मला वाटलं, वा, वैदू गुणी! मग दुखायला लागलं. मग रंग बदलायला लागला. नखानं उचकटायला गेलो तर दोरा मांसात रुतलेला. मी त्या खोलीत चुलीपासून मागापर्यंत आणि मागापासून चुलीपर्यंत नाचलो हो! ओरडायची सोय नाही, शेजारच्या भिंतीला कान. शेवटी मागच्या दाराशी जाऊन घोगऱ्या आवाजात म्हणालो, "अगं, जरा आत ये."

ती आत आली, बघितलं, आणि "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मग तिनं मागावरची बारकी कातरी आणली.

"हलू नगा. हललात तर काय कापलं जाईल त्याचा नेम न्हाय."

तिनं दोरा अचूक कापला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ती कातरी हातात धरून खाली बसली, हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मग जी माझ्यावर उखडली!

"कुणाच्या सांगण्यावरनं? त्या मुळ्या इकणाऱ्याच्या? जीव गेला असता म्हंजे? मी काय सांगितलं असतं लोकास्नी, माझा नवरा कशानं मेला म्हणून? डाक्टरकडं जावा. आजच्या आज जावा!"

गेलो की. आमच्या पेठेत एका म्हाताऱ्या डॉक्टरचा दवाखाना होता. पण दाराशी कंपाउंडर उभा, आणि तो मोठ्यानं विचारणार, काय होतंय? मी म्हणालो, पोट दुखतंय. मला खुणेची कागदी पट्टी लावलेली बाटली मिळाली, कडू जहर. आठवड्यानं पुन्हा गेलो, पुन्हा पोट. तिसऱ्यांदाही पोट. माझ्या चांगल्या पोटाला त्या औषधानं खरोखरची कळ लागायला लागली. तिसरी बाटली बायकोनं मोरीत ओतली आणि म्हणाली, "आता खरं सांगून आलात तर आलात. न्हाईतर मी डोक्यावर पदर घेऊन जाते आणि सांगते."

ती गेली असती. म्हणून चौथ्यांदा मी डॉक्टरच्या टेबलाला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "पोट न्हाय वो, साहेब."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, कंपाउंडरला चहा आणायला पाठवलं आणि दाराला कडी घातली. मी सगळं सांगितलं, गाठीचंसुद्धा. हसेल असं वाटलं होतं, तर तो चिडला. "चार तास तसाच राहिला असतास तर मला दोरा नाही, दुसरंच काही कापावं लागलं असतं." मग त्यानं मला तपासलं, लघवी काचेच्या नळीत घालून तापवून बघितली, साखर नाही म्हणाला. कारण ज्वराचं असेल, त्यानंतरच्या भीतीचं असेल, दोन्हीचं असेल.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझ्यात रक्त येतं, पण ठरत नाही. आलं तसं मागं जातं. मुळाशी बेतानं आवळलं तर ते थोडा वेळ ठरतं. बास, एवढंच आहे."

"म्हंजे वैदू बरोबर सांगत हुता?"

"अर्धं बरोबर. अर्धं बरोबर सांगणाराच माणूस मारतो."

त्यानं कपाटातून मऊ रबराची नळी काढली, कात्रीनं तिचं वळं कापलं आणि दोन बाजूंना धरायला दोन कान ठेवले, म्हणजे ओढलं की निघावं. मग बोटांवर मोजून सांगितलं, आणि मला पाढ्यासारखं म्हणायला लावलं. दोरा नाही, सुतळी नाही, धातूचं कडं तर बापजन्मात नाही. अर्ध्या तासाच्या वर ठेवायचं नाही. ते घालून झोपायचं नाही. गार पडलं, निळं पडलं, बधिर झालं, दुखलं, तर ताबडतोब काढायचं, मग काही का राहीना अर्धवट. खोबरेल लावायचं नाही, रबर कुजतं. साबणाच्या पाण्यानं धुवायचं.

"ह्यानं मी बरा हुईन?"

"नाही. चष्म्यासारखं आहे हे. लावला की दिसतं, काढला की नाही. पण दिसायला लागलं की माणसाची भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की कधीकधी चष्मा लागतही नाही."

"आणि प्वार?"

त्यानं उरलेली नळी कपाटात ठेवली. "ते याच्या हातात नाही. आवळलेलं असलं तर बीज बाहेर यायला कधी अडतंसुद्धा, तेव्हा वेळेवर काढून टाकायचं. पण एक सांगतो. पोर व्हावं म्हणून वापरशील तर छातीत धडधड घेऊन जाशील आणि पुन्हा तेच होईल. तुम्हा दोघांसाठी वापर."

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. अर्धा तास मोजायचा कसा? बायको म्हणाली, "मी चुलीवर डाळ ठेवते. शिजली की काढा." दुसरी अडचण मागाची. विणकरांच्या गल्लीत माग वाजत असेपर्यंत कोणी लक्ष देत नाही, पण थांबला की चारी घरांतून हाका येतात, काय रं, काय झालं? मी ओरडून सांगायचो, सांधणी चाललीय! नव्या ताण्याची टोकं जुन्याला जोडायची म्हणजे सांधणी, तिला आवाज नसतो आणि नवराबायको दोघं लागतात. पुढं पुढं शेजारचा म्हणायला लागला, "दर मंगळवारी सांधणी? लई लुगडी इणतोस बाबा!"

पहिल्या मंगळवारी माझी फजिती झाली. गार पडलं का, निळं पडलं का, म्हणून मी घटकेघटकेला बघायचो. बायको म्हणाली, "आवं, तुमचं ध्यान माझ्याकडं हाय का त्या वळ्याकडं?" दुसऱ्या मंगळवारी आई बाजारातून लवकर आली. तिसऱ्या मंगळवारी मात्र डाळ करपली, आणि पाच वर्षांनी मला माझ्या बायकोचा चेहरा पुन्हा जवळून दिसला. वळं मी त्याच्या आधीच काढून ठेवलं होतं, नियम म्हणजे नियम. ती माझ्या दंडावर डोकं ठेवून पडली होती. आम्ही करपलेली डाळ भाताबरोबर खाल्ली आणि आईला म्हणालो, सरपण ओलं होतं. मला इतका आनंद झाला होता की संध्याकाळी मी विनाकारण तलावापर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मी मूर्ख. डॉक्टरनं नको म्हणून सांगितलेलं तेच करायला लागलो. पोर झालं की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील, मला काही बोलावंच लागणार नाही, असं मनात धरून बसलो. मग महिने मोजणं आलं. दर महिन्याला ती चार दिवस बाजूला बसली की आई चुलीपाशी 'चक्' करायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायला लागायचो. जे सुख मिळालं होतं ते मी असं हातानं नासवत होतो. रात्री डोळा लागायचा नाही आणि दिवसा मागावर मन लागायचं नाही.

पाचव्या महिन्यात मामानं मोहोळकडचं एक स्थळ आणलं. मुलगी तेवीस वर्षांची, एक पाय अधू म्हणून राहिलेली. बाप सरळ माणूस होता. त्यानं एकच अट घातली. पहिलीनं आपल्यासमोर, स्वतःच्या तोंडानं सांगावं की दोष माझ्यात आहे, दुसरी आणायला माझी ना नाही. पुढं माझ्या लेकीला सवतीनं छळलं असं नको.

आई बायकोला म्हणाली, "सांगशील न्हवं?"

"सांगीन की," ती म्हणाली.

मी तिला मोरीपाशी गाठलं. म्हणालो, "तू काय बी बोलू नगंस. मी बोलतो."

"कवा?" तिनं भांडं खाली ठेवलं. "पाच वर्सं झाली. डाक्टरफुडं बोलायला चार खेपा लागल्या तुमाला. वळं मिळालं, मला बी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पाव्हणं गुरुवारी येणार हाईत. तुमी बोलला न्हाई तर मी त्ये शब्द बोलीन, आणि एकदा बोलले की मी वांझ. मग धा पोरं झाली तरी मी ह्या घरात वांझच."

बुधवारी मागावर आडवं सूत घालताना माझ्या हातून चार वेळा धोटा खाली पडला.

गुरुवारी सकाळी पाहुणे आले. बाप आणि त्याचा थोरला भाऊ. मामा तक्क्याला टेकून बसला, आई मागच्या दारापाशी. बायकोनं शिरा केला होता, बशा तिनंच आणून ठेवल्या. बापानं शिऱ्याला हात लावला नाही. तो तिला म्हणाला, "बाई, माझ्या लेकीसारखी हाईस तू. तुझ्या त्वांडनं ऐकलं म्हंजे मला बरं वाटंल."

ती डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. तिनं खरंच तोंड उघडलं. "माझी ना न्हाय," ती म्हणाली, "आणि दोष..."

"दोष माझ्यात हाय," मी म्हणालो.

आवाज माझा वाटत नव्हता. मामा म्हणाला, काय बरळतोस? मी उभा राहिलो, नाहीतर माझी बसल्या जागी जीभ पुन्हा गिळली गेली असती. "तापानंतर माझं हे असं झालंय. डाक्टरला दाखवून आलोय. हिच्यात काय बी खोट न्हाय. तुमची लेक दिली तर ती बी अशीच वांझ म्हणवून घेईल."

बापानं शिऱ्याची बशी बाजूला सरकवली. मग त्यानं पटका डोक्यावर ठेवला, मला नमस्कार केला आणि भावाला घेऊन बाहेर पडला. मामा शिव्या देत त्यांच्या मागं धावला. खोलीत आम्ही तिघं उरलो. मला वाटलं, आता आई ऊर बडवून घेणार, अन्नपाणी सोडणार. तिच्या पायाशी बसायची मी तयारी केली होती.

आई शिऱ्याच्या बशा एकात एक ठेवायला लागली.

"एवढ्या लोकात सांगायचं कशाला?" ती म्हणाली. "मला ठावं न्हवतं व्हय?"

"काय ठावं हुतं?"

"एका खोलीत झोपतो आपण. लुगडं त्ये, भिंत न्हाय. तुझा ताप उतरल्यापासनं ठावं हाय मला."

मी तिच्या हातातली बशी धरली. "मग हिला का बोलत हुतीस तू? पाच वर्सं?"

"कुणाला तरी बोलायलाच लागतं की, बाबा. पोटच्या पोराला बोलू व्हय?"

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. तिला ठाऊक होतं तसं मलाही ठाऊक होतं, आणि पाच वर्षं मीही सगळ्यांना हिलाच बोलू दिलं होतं. कोणत्या तोंडानं ओरडू?

बायको चुलीपाशी उभी होती. तिच्या डोक्यावरचा पदर कधीच खाली आला होता, तिचं त्याकडं लक्ष नव्हतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, आईकडं बघत होती. रागानंही नव्हे.

"पाच वर्सं मी त्ये तुमच्यापासनंच लपवत हुते की वो, आत्याबाई," ती म्हणाली.